खुंटीवरून उतरलेला भाता

मी भाता बोलतोय. लोहाराचा. बोलतोय म्हणजे हौसेनं नाही, बोलायला लावलंय म्हणून बोलतोय. फाटक्या पुस्तकानं आपलं रडगाणं गाऊन झालं, मोडक्या छत्रीनं गाऊन झालं, म्हातारा बैलसुद्धा चार पानं बोलून गेला. शाळेतल्या पोरांनी एका वस्तूला म्हणून गप्प बसू दिलं नाही. आता माझी पाळी. मला विचाराल तर ज्याचं काम वारा सोडायचं, त्यानं वारा सोडावा, शब्द सोडू नयेत. हसू नका. माझा पोटापाण्याचा धंदा आहे तो.

शिवाय मला दम लागतो, त्यामुळे वाक्यं तोकडी येतील. शिक्षणाचं म्हणाल तर शाळेशी माझा संबंध एवढाच, की तिच्या फाटकाच्या बिजागऱ्या आमच्या भट्टीत झाल्या. चांगल्या झाल्या. फाटक अजून करकरत नाही. आत काय शिकवतात ते मला माहीत नाही.

माझा जन्म भांडणात झाला. फळ्या सुताराच्या, कातडं कातडीवाल्याचं. दोघांची दुकानं समोरासमोर, आणि दोघांची तोंडंही तशीच, कायम एकमेकांवर रोखलेली.

सुतार म्हणायचा, "भाता मी केला. यानं नुसती पिशवी शिवली."

कातडीवाला म्हणायचा, "फळ्या तर दारालाही असतात. दार फुंकतं का?"

मी तयार झालो तरी निकाल लागेना. शेवटी थोरल्या लोहारानं, म्हणजे आत्ताच्या लोहाराच्या बापानं, मला उचलून खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "तुम्ही बसा भांडत. मी सांगितला म्हणून झाला, तेव्हा केला मीच." असा मी तीन बापांचा. स्वभाव तिरसट होणार नाही तर काय होईल?

अंग माझं मोठ्या पेरूसारखं. खाली वर दोन फळ्या, मधे कातड्याच्या घड्या, निमुळत्या टोकाला लोखंडी तोटी. ती तोटी भट्टीच्या बुडाशी. दांडा खाली ओढला की पोट दाबलं जातं आणि वारा निखाऱ्यात शिरतो. दांडा सोडला की पोट फुगतं, झडप उघडते, वारा आत. एवढंच काम. पण एवढंच काम बंद पडलं की माणसंही कशी पडतात ते तुम्ही पाहिलंच असेल.

आमचं गाव धड गाव नाही, धड शहर नाही. एक लांबलचक गल्ली आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातानं काम करणारे. घाई असलेला माणूस आमच्या गल्लीत वाट चुकूनच यायचा. कुऱ्हाडीला धार लावायला आलेला गडी कुऱ्हाड ठेवायचा, समोर शिंप्याकडे सदऱ्याला बटण लावून घ्यायचा, तिथून टोपल्या विणणारीच्या ओट्यावर टेकायचा, तिचं सासूपुराण ऐकायचा आणि उन्हं कलली की त्याला कुऱ्हाड आठवायची.

"झाली का?"

"झाली की सांगतो."

"पण कधी होईल?"

"तू विचारायचं थांबलास की."

हे बोलणारा आमचा लोहार. थोरला गेल्यावर भट्टी याच्याकडे आली. दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायचा, त्यातली तीन अशी. पण हात असा, की त्याच्या विळ्याला धार लावायला लोक परत यायचे ते पुढच्या पिढीत.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, ती समजली नाही तर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. भट्टीवर ज्याच्या हाती सांडशी, तो धनी. तापलं लोखंड त्यानं धरायचं, कधी काढायचं त्यानं ठरवायचं. भाता ओढणाऱ्यानं बोलायचं नाही. धनी हातोडीनं ऐरणीवर टिचकी मारतो. एक टिचकी म्हणजे सावकाश. दोन म्हणजे जोरात. हातोडी आडवी टेकवली म्हणजे थांब. ओढणाऱ्यानं ऐकायचं आणि ओढायचं. त्याला कुणी कारागिरात धरत नाही. "कात्री कुणी केली?" "लोहारानं." भाता कुणी ओढला हे आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं मी ऐकलं नाही.

मला ओढायची लोहाराची बायको. ठोकळ्यावर बसायची, एक पाय दुमडून, आणि दांडा धरायची तो असा, जसं झोपलेल्या पोराला थोपटावं. मी फुसफुसलो तर झडपेला तेल, कोरडा पडलो तर कातड्याला चरबी. तिच्या हाताखाली मी कधी खोकलो नाही. समोर लेक उभी, घण घेऊन. बाप सांडशीत लोखंड धरणार, हातोडीनं जागा दाखवणार, लेक घण घालणार. तिघं असे काम करायचे की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, एकच माणूस आहे आणि त्याला सहा हात आहेत.

मग बायको गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं. मी तिचं फार सांगत बसणार नाही. माझ्या घड्या आखडतात.

लेकीनं दुसऱ्या आठवड्यात दांडा धरला. मी एक श्वास घेतला, फूं करून सोडला, आणि लोहारानं हातोडी आडवी टेकवली. थांब. नंतर बराच वेळ तो तसाच उभा होता, भट्टीकडे तोंड करून. मला तेव्हा राग आला. आता कळतं. माझ्या श्वासाचा आवाज आणि तिच्या तिथं असण्याचा आवाज, त्याच्या कानाला एकच झाला होता.

हे सगळं बघायला मामा हजर. लेकीचा मामा, म्हणून सगळ्या गल्लीचाच मामा. मयत बाईचा धाकटा भाऊ. हा माणूस वाईट नाही हो. पण गरम तव्यावर बसल्यासारखा. घरात शिरायच्या आधी याची सूचना शिरते.

"दाजी, ताई होती तोवर ठीक होतं. आता हे म्हातारं धूड कोण ओढणार? मी विजेचा पंखा आणतो. बटण दाबलं की वारा."

लोहार काही बोलला नाही. न बोलणं म्हणजे होकार, असं मामा आयुष्यभर धरत आला. त्याशिवाय त्याचं एकही काम झालं नसतं.

पंखा आला. कुठल्याशा खानावळीच्या चुलीवरचा जुना. त्याला दोनच गोष्टी कळायच्या, चालू आणि बंद. त्याची नळी भट्टीला बसेना, सांध्यातून वारा गळायला लागला. मामानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. खिशातून चाकू काढला आणि माझ्या पोटाचा चांगला तळहाताएवढा तुकडा कापून घेतला. त्याचा वायसर केला आणि पंख्याच्या नळीत ठोकून बसवला.

"बघा दाजी, टाकाऊतून टिकाऊ!"

माझ्याच कातड्यानं माझ्या वैऱ्याची गळती थांबवली. मग मला उचललं आणि मागच्या भिंतीला, खुंटीवर टांगलं. पोटाला भोक, तोटीत कोळ्याचं जाळं. एका कोंबडीनं माझ्या घडीत अंडी घातली. घालू दिली. निदान कुणाला तरी माझा उपयोग होता.

खुंटीवरून एक बरं असतं, सगळं दिसतं. मी बघत होतो. पंख्याखाली कोयत्या होत होत्या, पहारी होत होत्या, जाड काम सगळं निभत होतं. नाजूक काम मात्र लोहारानं घेणं सोडलं. विचारलं की म्हणायचा, "दिसत नाही आता." दिसत होतं चांगलं. समोरच्या शिंप्याच्या कपातला चहा किती उरलाय तेही दिसायचं.

मग त्याचा उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर जाईना. हातोडी उचलली की घाम फुटायचा. भट्टी लेक एकटीच चालवू लागली, पण बारीकसारीक डागडुजीपुरती. मामाची सूचना दारात उभीच होती.

"दाजी, जागा मोक्याची आहे. टायरचं दुकान टाकू. मी बघतो सगळं. तुम्ही खुर्ची टाकून बसा, पोरीला घरात बसवा. कोळशात हात काळे करून कुणाचं भलं झालंय?"

"माझं," लेक म्हणाली.

"तुला काय येतं गं? घण घालायला रेडापण शिकेल."

"मग शिकवा की एखाद्याला. तुमच्या ओळखीत असेल."

लोहार हसला. खूप दिवसांनी. पण लगेच गंभीर होऊन म्हणाला, "पोरी, मामा बोलतो त्यात खोट नाही. घण घालणं वेगळं, सांडशी धरणं वेगळं."

नेमका त्याच वेळी शिंपीकाका आत आला. हातात कात्री, म्हणजे कात्रीचे दोन तुकडे. कापडाच्या जाड थप्पीवर जोर लावला आणि पातं मधोमध मोडलं. ती कात्री थोरल्या लोहारानं याच्या बापाला करून दिली होती.

"लोहारदादा, बाजारातली आणली होती मधे एक. कापत नाही, चावते. मला अशीच करून दे."

लोहारानं तुकडे हातात घेतले, फिरवून बघितले आणि लेकीपुढे ठेवले. "ही तू कर. एकटीनं. हिनं जाड कापड सरळ कापलं, तर भट्टी तुझी. नाही तर मी मामाला हो म्हणतो." त्या दिवसाची चारही वाक्यं संपून उद्याची दोन खर्ची पडली.

कात्री म्हणजे विळा नव्हे. पातं सगळं पोलादाचं केलं तर काचेसारखं तडकतं, सगळं लोखंडाचं केलं तर लोण्यासारखं वाकतं. म्हणून पाठ लोखंडाची आणि धार पोलादाची, दोन्ही एकत्र तापवून ठोकून एकजीव करायची. तांबडं असताना ठोकलं तर सांधा धरत नाही. पिवळं धमक झालं की ठोकायचं. आणि त्याच्या पुढं एक श्वास जरी गेला, तरी पोलादातून ठिणग्या फुटतात, आणि मग ते पोलाद नसतं, राख असते. म्हणून तर आमच्या भट्टीत खिडकी छोटी. उजेडात रंग कळत नाही.

लेकीनं पहिलं पातं लावलं. पंखा घूं घूं करत होता. तिनं बघितलं, थांबली, काढलं, तेवढ्यात ठिणग्या. जळालं. दुसरं लावलं. या वेळी भीतीनं लवकर काढलं, सांधा धरला नाही, पोलाद सालीसारखं सुटून आलं. तिसरं पुन्हा जळालं.

मामा दारात उभा होता. "जाऊ दे गं. जळणारं जळतंच."

शिंपीकाका ओट्यावरून ओरडला, "मामा, तू इकडे ये बघू. तुझ्या तोंडाला दोन टाके घालतो."

लोहार खुर्चीत बसून होता. चूक कुठं होते ते त्याला कळत होतं, मला खुंटीवरून कळत होतं तर त्याला कळणार नाही? पण सांगायचं म्हणजे माझ्याकडे बोट दाखवावं लागलं असतं. माझ्याकडे तो बघायचा नाही. मला टांगल्यापासून त्या भिंतीकडे त्यानं मान वळवली नव्हती.

लेक जळकं पातं हातात घेऊन ठोकळ्यावर बसली. आईच्या ठोकळ्यावर. डोळे पुसले, गाल काळा झाला. मग तिचे ओठ हलायला लागले. काहीतरी मोजत होती, आणि मोजता मोजता उजवा हात आपोआप वर-खाली होत होता, हवेतला दांडा ओढल्यासारखा. अचानक थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "मी रंग बघतच नव्हते कधी."

लोहारानं मान वर केली.

"मला वाटायचं, मी रंगावरून घण उचलते. मी आईचा भाता मोजत होते. इतके श्वास झाले की घण घट्ट धरायचा. हा पंखा श्वासच घेत नाही. मी मोजू काय?"

तिनं पंख्याचं बटण बंद केलं. आणि मला खुंटीवरून काढलं. कोंबडी ओरडली.

भोक बघून लेकीनं मामाकडे बघितलं. नुसतं बघितलं. मामानं आकाशाकडे बघितलं. शिंपीकाकानं जाड सुई आणली, जुन्या पट्ट्याचं कातडं आणलं आणि मला ठिगळ लावायला बसला. टाके मात्र असे घातले, की लग्नाच्या कोटाला घालावेत. चरबी चोळली, तेल घातलं, तोटी भट्टीला लावली. लेकीनं दांडा ओढला. मी खोकलो. धूळ, पिसं, जाळी, सगळं बाहेर. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा वारा निघाला. निखारे उघडले.

आता पंचाईत अशी, की एका माणसाला दोन हात. सांडशी, हातोडी आणि भाता, तिन्ही एकटीनं कसं होणार? पंखा होता म्हणून "एकटीनं" ही अट जमत होती.

"ठरलं तर मग," मामा म्हणाला. "दाजींनी एकटीनं सांगितलंय. हात लावायचा नाही कुणी."

"मी ओढतो," म्हणत शिंपीकाका ठोकळ्यावर बसला. बिचाऱ्याचा हात दांड्यावर होता, पण पाय शिलाईयंत्राच्या पायट्यावर असल्यासारखा जमिनीवर धावत होता, आणि हात पायाच्या तालावर. मला उचकी लागली. भट्टीतून राख उडून त्याच्याच मिशीवर बसली. लेक रडता रडता हसली.

"उठा काका. कापड कापा तुम्ही."

ठोकळा रिकामा झाला. निखारे काळवंडायला लागले. पातं भट्टीत होतं, लेकीच्या हातात सांडशी होती, आणि तिला सोडता येत नव्हती.

तेव्हा खुर्ची करकरली. लोहार उठला. सावकाश आला, त्या ठोकळ्यावर बसला, एक पाय दुमडून, अगदी ती बसायची तसा. उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून डाव्यानं माझा दांडा धरला. पोरसवदा असताना बापापुढं त्यानं मला ओढलं होतं, त्यानंतर आज. तिच्या मुठीनं दांडा जिथं झिजला होता, नेमका तिथं.

मामाला राहवेना. "अहो दाजी! एकटीनं ठरलं होतं!"

"ओढणाऱ्याला कुठं मोजतात रे?" लोहार म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "तुझ्या ताईला तरी कुठं मोजलं मी?"

लोहार आणखी काही बोलणार होता. माझी खात्री आहे, बोलणार होता. चार वाक्यांच्या माणसाला कधी नव्हे ते पाचवं सुचलं होतं. पण लेकीनं त्याला सांगितलं,

"बाबा, ओढणाऱ्यानं बोलायचं नाही."

आणि हातोडीनं ऐरणीवर एक टिचकी मारली. सावकाश.

त्यानं ऐकलं. मान खाली घातली आणि दांडा ओढला. मी श्वास घेतला, सोडला. घेतला, सोडला. लेकीचे ओठ हलत होते. दोन टिचक्या. जोरात. मी माझ्या ठिगळाला सांगितलं, आता फाटलास तर तुझी खैर नाही. हातोडी आडवी टेकली. थांब. पातं बाहेर आलं ते पिवळं धमक, पिकल्या लिंबासारखं, एकही ठिणगी नाही. ठण, ठण, ठण. सांधा धरला. दोन्ही पात्यांचा धरला.

कात्री झाली. एका दिवसात झाली असं समजू नका, आमच्या गल्लीत एका दिवसात फक्त चहा होतो. घासून, पाणी देऊन, खिळा बसवून लेकीनं ती शिंपीकाकाच्या हातात दिली. त्यानं जाड कांबळं अंथरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत कात्री सरकवली आणि लोहाराकडे बघितलं. लोहारानं लेकीकडे बघितलं. मग कमरेची भट्टीची किल्ली सोडली आणि ऐरणीवर ठेवली.

आता माझं म्हणाल तर चाललंय. ठिगळ टिकलंय. लोहार रोज सकाळी ठोकळ्यावर येऊन बसतो, माझ्या झडपेला तेल घालतो आणि लेकीच्या टिचकीची वाट बघतो. नाजूक कामं परत यायला लागलीत. गिऱ्हाइकं ओट्यावर बसून वाट बघतात आणि त्यांना कुणी घाई करू देत नाही. परवा एकानं विचारलं, "ही कुलपं कुणी केली?" लेक म्हणाली, "मी. आणि भाता बाबांनी ओढला." लोहाराला मेला ठसका लागला.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. तुमच्या घरात भिंतीला काही टांगलेलं असेल, तर एकदा खाली काढून ओढून बघा. खोकेल, धूळ उडवेल, शिव्याही देईल. पण आत श्वास आहे की नाही, ते ओढल्याशिवाय कळत नाही. आणि कुणी ओढत असेल तर त्याचंही नाव घ्या. बास. माझा दम संपला, जा आपापल्या कामाला.

मनात किल्मिष कुणाबद्दल नाही. सुतार, कातडीवाला कधीच गेले, दोघांना माफ. कोंबडीला माफ. शिंपीकाकाला त्या उचकीचं माफ. लोहारानं तर माझ्यापुढं मान खाली घातली, त्याचंही मिटलं. पंखा तोसुद्धा बिचारा हुकमाचा ताबेदार, कोपऱ्यात धूळ खातो, मी त्याला टोचून बोलत नाही. पण माझ्या पोटाचा जिवंत तुकडा चाकूनं कापून, "टाकाऊ" म्हणून, वर हसणारा एक जण रोज दुपारी येतो, माझ्याच निखाऱ्यावर चहा गरम करून पितो आणि "काय म्हातारबा, बरा आहेस ना?" म्हणून माझ्या ठिगळावर थाप मारून जातो. त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. त्याचं नाव मामा.